एमपीएससी सोडून मोटर रिवायंडिंगचं दुकान टाकायचंय, निकालाआधीच ठरवू का थांबू?

सीनाकाठचा

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसतं वाचतोय, आज पहिल्यांदा लिहितोय, लांबणार आहे तेव्हा आधीच माफी.

मी माढा तालुक्यातला, बीई मेकॅनिकल 2018. 2019 ला पुण्यात आलो, लॉकडाऊनचे महिने सोडले तर तेव्हापासून सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर. राज्यसेवेच्या सहा प्री झाल्या, मेन्स दोनदा दिली, त्यातल्या एकीला कटऑफच्या साडेसात मार्क खाली राहिलो. साडेसात. स्वतःचा मोबाईल नंबर सांगताना अडखळेन पण हा आकडा झोपेत विचारला तरी सांगेन.

आता मुद्दा. 2025 ची प्री 28 सप्टेंबरला होती, आणि त्याच आठवड्यात आमच्या सीना नदीला पूर आला. परीक्षा 9 नोव्हेंबरवर गेली म्हणून कळलं आणि मी पुस्तकं घेऊन गावी गेलो, की घरचं बघू आणि अभ्यासपण करू. पुस्तकं पिशवीतून बाहेर निघालीच नाहीत. नदीकाठच्या सगळ्या मोनोब्लॉक मोटरी, स्टार्टर, पेट्या गाळात. माझ्या मामाचं रिवायंडिंगचं, म्हणजे जळक्या मोटरीत नवीन तार भरून द्यायचं दुकान आहे, त्याच्या दारात मोटरींची अशी रांग लागलेली की रेशनची परवडली. मामाची नजर आता कमी झालीय, बारीक तारेचं टोक सापडत नाही त्याला, म्हणून मी नुसता मदतीला बसलो.

मोटर खोलायची, गाळ धुवायचा, उन्हात ठेवायची, रात्री प्लायच्या खोक्यात 200 वॅटचे दोन बल्ब लावून स्टेटर (मोटरीचा न फिरणारा, तार भरलेला भाग) वाळत ठेवायचा, सकाळी मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासायचं मीटर लावायचं. रीडिंग चढलं तर वार्निश मारून जोडायची, नाही चढलं तर जुनी कॉइल तोडून नवीन भरायची. पहिली थ्री फेज मी भरली ती उलटी फिरली, मला वाटलं गेलं सगळं, मामा म्हणाला अरे दोन वायरी अदलाबदल कर, सुलटी फिरंल. फिरली. पाच आठवड्यांत 31 मोटरी झाल्या, माझ्या वहीत तारखेसकट आहेत.

सहा वर्षांत एक संध्याकाळ अशी आठवत नाही की मी आज काय केलं हे मला एका वाक्यात सांगता येईल. पॉलिटीची तिसरी रिव्हिजन झाली म्हणजे काय झालं? आणि इथं सात वाजता शेतकरी मोटर टेम्पोत टाकून नेतो, दुसऱ्या दिवशी फोन येतो, चालू झाली म्हणून. मला ते फार आवडायला लागलंय. मामा म्हणतोय दुकान तू घे.

मग अडचण काय, तर भीती. वडील सोसायटीत, बँकेत, लग्नात सगळीकडं सांगतात पोरगं पुण्यात आहे, साहेब होणार. शेजारच्या गावातली एक मुलगी पीएसआय झाली तिचा फ्लेक्स दोन महिने चौकात होता, वडील रोज त्याच्याखालून दूध घालायला जायचे. स्थळांचं तर बोलायलाच नको, पुण्यात अभ्यास करतोय म्हटलं की अजून एक-दोन फोन येतात, मोटरी भरतो म्हटल्यावर तेही बंद. आणि सगळ्यात वाईट भीती वेगळीच आहे, ती कोणाला बोललो नाही. मला हे काम खरंच आवडतंय का मी फक्त थकलोय आणि पळायला वाट शोधतोय?

9 नोव्हेंबरचा पेपर दिला. उत्तरं जुळवली, अगदी काठावर आहे. निघाली तर पुढं नवीन पॅटर्नची लेखी मेन्स, नऊ पेपर, 1750 मार्क, वैकल्पिक विषय शून्यापासून, म्हणजे अजून दीड वर्ष धरा. नाही निघाली तर सगळे म्हणणार निघाली नाही म्हणून मिस्त्री झाला. निकालाची वाट बघू का आत्ताच सांगून टाकू?

पेठेतून सुटलेला

भावा, 2021 च्या मार्चमध्ये प्री तीन दिवसांवर असताना पुढं ढकलली आणि शास्त्री रोडवर पोरं उतरली, त्या गर्दीत मी होतो. घसा बसेपर्यंत ओरडलो आणि रात्री रूमवर येऊन लक्षात आलं की मनातून मला बरं वाटलंय. परीक्षा पुढं गेली याचं बरं वाटलंय. आठवड्याने 21 तारखेला पेपर झाला, दिला, निकाल लागेपर्यंत थांबलो, नाही निघाली, मग सोडलं. आता हडपसरला एका गोडाऊनमध्ये डिस्पॅच बघतो, बरं चाललंय.

पण मी निकाल लागल्यावर सोडलं ना, तिथं चुकलो. सोडायचं मनात आधीच ठरलं होतं पण सांगायची हिंमत नव्हती म्हणून निकालाच्या मागं लपलो. मग पुढची दोन वर्षं मीच मला नापास म्हणत होतो, लोक तर चार दिवसांत विसरले. म्हणून सांगतो, निकालाआधी सांग. नंतर तोच निर्णय सांगितलास तरी त्याला कोणी निर्णय म्हणणार नाही, तू स्वतःपण नाही म्हणणार.

थकवा का आवड याची माझी गावठी परीक्षा सांगतो. कुठल्याही कामात जो सगळ्यात रटाळ भाग असतो तो करून बघायचा. मोटर फिरली की आनंद कोणालाही होईल. गाळ धुताना काय वाटतं? जळक्या मोटरीची तार ओढून काढताना काय वाटतं? पुरात सगळं गाव धडपडत असतं तेव्हा काम आवडतंच रे, जत्रेसारखं असतं ते. आता शांततेत जाऊन महिनाभर बस.

नावात काय

सहा वर्षं आणि बापाचे लाखो रुपये घालवून शेवटी मिस्त्री. दहावीनंतर आयटीआयला वायरमन केला असता तर आज तुझीच दोन दुकानं असती. कटू आहे पण सत्य आहे.

सीनाकाठचा

नावात काय, बरोबर आहे तुमचं. हिशोब मी मांडलाय, कॉट, मेस, अभ्यासिका धरून महिना नऊ-दहा हजार, फॉर्म, क्लास, पुस्तकं वेगळी, सगळं मिळून सात लाखांच्या आसपास गेलेत. पण गेलेले सात लाख परत यावेत म्हणून अजून दोन लाख घालू का? तुम्ही दुकानदार असता तर घातले असते का?

@पेठेतून सुटलेला दादा, गाळ धुण्याचा प्रश्न डोक्यात बसला. खरं सांगू का, तार ओढताना मला झोप येत नाही एवढं नक्की. बाकी महिनाभर बसून सांगतो.

उधारीचा हिशोब

मी पंढरपूरकडचा, पाइप-फिटिंग आणि पंपांचं दुकान, 22 वर्षं झाली. मनाचं तुमचं चालू द्या, मी धंद्याचं बोलतो कारण ते कोणीच बोललं नाही.

पहिलं म्हणजे उधारी. आपल्या भागात मोटर जळते ती पिकाला पाणी हवं असताना जळते, आणि पैसे येतात उसाचं बिल निघाल्यावर. मधले सहा महिने तांब्याची तार तू रोखीने आणायची. बरेच चांगले कारागीर कारागिरीत कमी पडून बुडाले नाहीत, वहीत बुडाले. आणि गिऱ्हाईक कोण, तर भावकी. मामाच्या दुकानाची मागच्या दोन वर्षांची उधारीची वही मागून घे आणि बेरीज कर, मगच हो म्हण. बेरीज करताना मामा तोंड चुकवायला लागला तर समजून जा.

दुसरं सोलर. मागेल त्याला सौर कृषी पंप ही योजना आल्यापासून, 10 टक्के भरायचे, एससी-एसटीला 5, बाकी सरकार, म्हणून लोक धडाधड अर्ज करतायत. त्या पंपाला पाच वर्षं कंपनीचीच दुरुस्ती असते, तो तुझ्याकडे येणार नाही. म्हणून नुसत्या रिवायंडिंगवर 30 वर्षं काढायचा विचार असेल तर सोडून दे. पण मेकॅनिकल झालायस तर कंट्रोलर, पॅनल, व्हीएफडी (मोटरीचा वेग कमी-जास्त करणारं यंत्र) शिकून घे. पाच वर्षं संपलेले पंप पुढं येणारच आहेत आणि तेव्हा तालुक्यात ते खोलणारा माणूस लागणार आहे.

तिसरं, पावसाळ्यात तीन महिने माश्या मारायच्या असतात. त्यात घरगुती पंखे, मिक्सर, पिठाच्या गिरणीच्या मोटरी पकडायच्या. भांडवलाला पीएमईजीपी ही केंद्राची कर्ज-अनुदान योजना बघ, सेवा उद्योगाला 20 लाखांपर्यंत प्रकल्प बसतो, अनुदान 15 ते 35 टक्के, जिल्हा उद्योग केंद्रात चौकशी कर. पण पहिल्याच वर्षी कर्ज काढून चकाचक दुकान करू नको, खोकं पुरे.

आणि हो, साहेब होण्यापेक्षा यात भीती कमी आहे असं समजत असशील तर चुकतोयस. नुसती भीती बदलते. मला अजून मार्चएंडला झोप येत नाही.

लोकल 6 वाजून 20

मी तुझ्या पलीकडच्या काठावरून लिहिते. माझी पोस्ट निघाली. गट क मधून लिपिक-टंकलेखक, मुंबईत. पेढे वाटले, शाळेत सत्कार, नारळ-शाल, सगळं झालं. बरोबर पाचव्या दिवशी आत्या म्हणाली, छान झालं, आता एएसओचं (सहायक कक्ष अधिकारी) बघ. ऑफिसात रुजू झाले तर शेजारच्या टेबलावरचे सर म्हणाले, तुमचं वय आहे मॅडम, राज्यसेवा द्या. आणि माझी एक मैत्रीण डीवायएसपी झाली, तिला विचारतात आयएएस का नाही. म्हणजे जिन्याला वर दार आहे असं समजून आपण चढतो आणि वर गेलं की अजून जिनाच असतो.

मी दोन वर्षं ते पण केलं, ऑफिस सुटल्यावर अभ्यासिकेत. एक दिवस डोंबिवलीला उतरले आणि स्टेशनबाहेर एका पहिल्या मजल्यावरून पेटीचा आवाज येत होता, कोणीतरी अगदी वाईट वाजवत होतं. मी वर गेले आणि क्लास लावला. आता मीही तितकंच वाईट वाजवते. घरी अजून सांगितलेलं नाही की पुढचे फॉर्म भरत नाही, विचारलं की म्हणते चालू आहे अभ्यास. म्हणजे मला हवं ते मिळालंय आणि मी ते चोरून वापरते. हे बरोबर नाही हे कळतं. तुझा प्रश्न वाचून वाटलं तू निदान सांगायचं का हा विचार तरी करतोयस.

फक्त एक, गावाला जाऊन साधं आयुष्य वगैरे जे व्हिडिओ येतात त्यांच्या नादी लागून असेल तर नको करू. तुझी 31 मोटरींची वही वाचून तसं वाटत नाही पण विचारून ठेवते.

कृष्णाकाठ

पोपटराव पवारांचं उदाहरण डोळ्यासमोर ठेव मित्रा. एम.कॉम. झालेला, क्रिकेट खेळणारा माणूस, शहरात नोकरी करायची सोडून 1989 ला हिवरे बाजारचा सरपंच झाला, 2020 ला पद्मश्री. गावात राहूनही माणूस मोठा होतो.

लोकल 6 वाजून 20

कृष्णाकाठ दादा, रागावू नका, ते मोठेच आहेत. पण बघा ना, ह्याने विचारलं मोटरी भरू का, आणि आपण पद्मश्रीवर पोचलो. फ्लेक्स तोच, नुसता फोटो बदलला. त्याने तालुक्यात चार पंप वेळेवर चालू करून दिले आणि कोणाला कळलंसुद्धा नाही, तर ते चालेल का नाही चालणार?

कृष्णाकाठ

चालेल की. मला तसं म्हणायचं नव्हतं, पण हो, तसंच लिहिलं गेलं खरं.

बापमाणूस

मी फारसा लिहीत नाही. वय 61, निवृत्त शिक्षक, जिल्हा परिषद. माझा मुलगा चार वर्षं पेठेत होता, म्हणून तुमच्या वडलांच्या बाजूने लिहितो.

तुम्हां पोरांना वाटतं बाप पाहुण्यांत मिरवायला साहेब मागतो. थोडं आहे तसं, नाही म्हणत नाही. फ्लेक्सखालून जाताना मलाही काहीतरी व्हायचं. पण रात्री झोप उडते ती वेगळ्या कारणाने. हा पुण्याला गेला तेव्हा जा म्हणालो ते मीच, एक एकर विकली ती मीच. आता हा परत आला तर माझा तो निर्णय चुकला असं होतं, आणि उद्या हाच मला म्हणाला की तुम्ही मला अडवायला हवं होतं, तर मी काय तोंडाने उत्तर देऊ. म्हणून आम्ही म्हणत राहतो, अजून एक अटेम्प्ट दे. तुमच्यावर विश्वास आहे म्हणून नव्हे, आमचा आमच्यावर उरलेला नसतो म्हणून.

माझा मुलगा परत आला तेव्हा मी त्याच्याशी आठ महिने नीट बोललो नाही. जेवायला बसलो की टीव्ही मोठा करायचो. तो आता बार्शीला औषधांच्या दुकानात भागीदार आहे, आमचं बोलणं आहे पण ते आठ महिने मध्ये आहेत, ते जात नाहीत. वडलांना सांगताना दुकानाचं नफा-तोट्याचं सांगत बसू नका. आधी एवढं सांगा की पुण्याला पाठवलंत ते चुकलं नाही. खरं वाटत असेल तरच सांगा, बापाला खोटं लगेच कळतं.

पेठेतून सुटलेला

काका, हे मी माझ्या वडलांना पाठवतोय.

नावात काय

काकांचं वाचून गप्प बसलो. सीनाकाठचा, मगाशी जरा जास्त बोललो. मीपण एमपीएससीच्या कंबाईन परीक्षेचे चार अटेम्प्ट दिलेत, आता इन्शुरन्स विकतो, आणि आयटीआयचं जे लिहिलं ते माझ्या घरात मला ऐकवतात.

सीनाकाठचा

सगळ्यांचे आभार. महिना झाला, म्हटलं अपडेट देतो.

उधारीचा हिशोब काकांचं ऐकून मामाची वही मागितली. मामाने तोंड चुकवलं नाही पण चहा सांगायला गेला तो अर्धा तास आलाच नाही. दोन वर्षांची येणी एक लाख 84 हजार निघाली, त्यातली निम्मी तर आमच्याच आडनावाची. मग असं ठरलंय की तारेचे पैसे आधी रोख, मजुरी मागं राहिली तर चालेल. पहिल्याच आठवड्यात चुलत चुलते रुसून दुसऱ्या दुकानात गेले. परत आले, कारण तिकडं दहा दिवस थांबा म्हणाले.

गाळाचा प्रश्न. आता गाळ नाही, काम पण रोज नाही. दोन दिवस असे गेले की एकही मोटर आली नाही आणि मी स्टूलवर बसून रस्ता बघत होतो, तेव्हा पोटात गोळा आला होता, सदाशिव पेठेत निकालाच्या दिवशी यायचा अगदी तसाच. म्हणजे भीती गाडीत बसून माझ्याबरोबरच आली. पण तिसऱ्या दिवशी एक जुनी जळकी मोटर घेतली, कोणाची नाही, भंगारातली, आणि नुसती शिकायला म्हणून पूर्ण तोडून परत भरली. पेठेत अशा दिवशी मी दुपारी झोपून राहायचो. माझ्यापुरतं उत्तर मिळालं.

वडलांना सांगितलं. बापमाणूस काका, तुम्ही सांगितलेलं वाक्य मी सुरुवातीलाच म्हणालो, पुण्याला पाठवलंत ते चुकलं नाही. आणि मला ते खरंच वाटतं, लिहायला-वाचायला, चार माणसांत बोलायला मी तिथंच शिकलो. ते काही बोलले नाहीत. गोठ्यात गेले. हेही सांगितलं की प्री निघाली तरी मेन्सचा फॉर्म भरणार नाही. त्यावर फक्त म्हणाले, निघाली तर कागद मला दाखव. दाखवीन म्हणालो. मधल्या काळात दुकानासमोरच कोणीतरी त्यांना विचारलं, पोरगं काय करतंय, तर म्हणाले पुण्याला आहे, सुट्टीला आलंय. मी आत होतो, हातात मेगर. बाहेर नाही आलो. त्यांना अजून वेळ लागेल, लागू दे, मला सहा वर्षं लागली.

ताई, तुम्ही पेटीचं घरी सांगितलं का?

लोकल 6 वाजून 20

आईला सांगितलं. म्हणाली, मग संक्रांतीला घेऊन ये पेटी. बाबांना आईच सांगणार आहे, म्हणजे मी अजूनही निम्मीच शूर.

कृष्णाकाठ

विषय सोडून विचारतो, पण माणूस इथं आहेच म्हणून. विहिरीवरची मोटर काल रात्रीपासून चालू केली की नुसती घों घों करते, फिरत नाही. बंद-चालू चार-पाच वेळा करून बघितलं.

सीनाकाठचा

दादा आधी बटन दाबायचं थांबवा, अशीच दोन-चार वेळा अजून चालू केलीत तर वायंडिंग जाईल. सिंगल फेज आहे का थ्री फेज? सिंगल असेल तर बहुतेक कपॅसिटर गेला असेल, स्वस्तात सुटाल. थ्री फेज असेल तर आधी स्टार्टरला तिन्ही फेज येतायत का ते वायरमनकडून बघून घ्या. आणि मेन स्विच बंद करून पंखा हाताने फिरतोय का बघा, नाही फिरला तर जाम आहे, मग खोलावी लागेल. फोटो टाका पाटीचा, एचपी किती आहे ते दिसू द्या.